एका साध्या भांडणासाठी

माझ्या बायकोने माझ्याशी भांडणं सोडून दिलं, तेव्हा सुरुवातीला मला वाटलं, चला, उशिरा का होईना, पण माझं म्हणणं या घरात पटायला लागलं. हा गैरसमज फार दिवस टिकला नाही.

झालं होतं असं, की एका दुपारी ऑफिसात माझ्या छातीत कळ आली. मी विमा कंपनीत दाव्यांच्या विभागात आहे. लोकांच्या घसरण्याच्या, धडकण्याच्या, जिन्यावरून गडगडण्याच्या हकिगती दिवसभर वाचायच्या आणि त्यात खोट कुठे आहे ते शोधायचं, हे माझं काम. अशा माणसाच्या छातीत कळ आली की तो ती नुसती सोसत नाही, त्या कळेची आख्खी केस त्याच्या डोळ्यांपुढे उभी राहते. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने मला हॉस्पिटलात नेलं. तिथे माझ्या अंगाला तारा लावल्या, रक्त काढलं, फोटो काढले आणि शेवटी पित्त आहे असं सांगून घरी सोडलं. ऑफिसात सगळे हळहळत बसले होते. त्यांना फोनवर ‘पित्त’ असं सांगताना मला फार ओशाळल्यासारखं झालं.

पण निघताना डॉक्टरांनी बायकोला दाराबाहेर बोलावून घेतलं. यांना त्रास होईल असं काही बोलू नका, यांचं मन शांत ठेवा, असं त्यांनी सांगितलं. आम्ही पत्राखाली ‘आपला विश्वासू’ लिहितो तितक्याच सहजपणे डॉक्टर हे प्रत्येकाच्या बायकोला सांगत असणार. माझ्या बायकोने मात्र तो कायदा मानला.

त्या दिवसापासून घरात माझं सगळंच बरोबर ठरायला लागलं. आंघोळीनंतर ओला टॉवेल गादीवर टाकायची माझी जुनी सवय. त्या एका टॉवेलावर आमचा संसार इतकी वर्षं धगधगत राहिला होता. आता ती तो मुकाट्याने उचलायची आणि वर माझ्याकडे बघून हसायची. कॉलेजात जाणारी आमची मुलगी माझ्या विनोदांना दाद देऊ लागली, तेही विनोद संपायच्या आधी. एकदा मी मुद्दामच म्हणालो की तुझ्या भावाला व्यवहारातलं काही म्हणजे काही कळत नाही. या भावाबद्दल मी नुसती भुवई उचलली तरी पूर्वी दोन दिवस अबोला असायचा. ती म्हणाली, “असेल हो.” 

एखादा माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल सगळे जसं गोडगोड बोलतात, तसं ही माणसं माझ्या तोंडावर बोलत होती. डॉक्टरांनी दाराबाहेर आणखी काही सांगितलं असेल का? मी बायकोला विचारलं, तर ती म्हणे, नाही हो, तुम्ही अगदी ठणठणीत आहात. पण हे ती इतक्या हळुवार आवाजात म्हणे, की मी उठून आरशात जीभ बघून येई. मला दुसरं काही नको होतं. माझं जुनं घर परत हवं होतं, आणि त्यासाठी एक साधं, खणखणीत भांडण पुरेसं होतं. ते काही केल्या मिळेना.

एका संध्याकाळी वर्तमानपत्रात जाहिरात दिसली. गावाबाहेरच्या तळ्याकाठी हौशी लोकांसाठी छोटी ट्रायथलॉन होणार होती. म्हणजे आधी तळ्यात पोहायचं, मग सायकल हाणायची, मग धावायचं, आणि मधे कुठेही टेकायचं नाही. मी जेवताना सहज म्हणालो की आता धावायला लागावं म्हणतो. पूर्वीची बायको म्हणाली असती, आधी कोपऱ्यापर्यंत दुधाला जाऊन दाखवा. ही म्हणाली, छान. मी म्हणालो, सायकलही चालवीन म्हणतो. तिचा हात ताटात थांबला, पण ती म्हणाली, हो, सायकल चांगली असते. मग मी शेवटचा बाण सोडला, की त्याआधी तळ्यात पोहायचंही आहे. तिचा चेहरा उतरला. मुलगी एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघायला लागली. आता होणार, असं वाटून मी पाठ ताठ करून बसलो.

“तुम्हाला त्यात बरं वाटत असेल तर करा,” ती म्हणाली, आणि स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ नळ सोडून उभी राहिली.

लिलावात गंमत म्हणून बोली वाढवत न्यावी आणि वस्तू आपल्याच गळ्यात पडावी, तसं झालं. सकाळी मी माघार घेणारच होतो, पण तोवर मुलीने लिफ्टमध्ये कोणाला तरी सांगितलं होतं. लिफ्टमध्ये सांगितलेली गोष्ट आमच्या इमारतीत नोटीस बोर्डावर लावल्यापेक्षा लवकर पसरते. ऑफिसला निघेपर्यंत दोन मजल्यांनी माझं अभिनंदन केलं होतं आणि एका मजल्याने काळजी व्यक्त केली होती. आता मागे फिरणं म्हणजे सगळ्या जिन्याला तोंड चुकवत फिरणं.

तळमजल्यावर एक दंतवैद्य राहतात. त्यांच्याकडे न वापरलेली एक चांगली सायकल होती. ती देण्यासाठी त्यांनी मला दवाखान्यात बोलावलं. दवाखान्यात बसायला ती एकच खुर्ची, म्हणून मी तीत बसलो. सायकलच्या गिअरबद्दल बोलता बोलता त्यांनी सवयीने दिवा खाली ओढला, मीही सवयीने तोंड उघडलं, आणि अर्ध्या तासाने मी सायकल घेऊन बाहेर पडलो तेव्हा माझी एक दाढ कमी झाली होती. दाढ जाणारच होती, असं त्यांचं म्हणणं. तळ्यात दुखायला लागली असती तर काय केलं असतं, असा बिनतोड सवालही त्यांनी टाकला.

वरच्या मजल्यावरचे काका हवामान खात्यातून निवृत्त झालेले. त्यांना सगळे मागून ‘वेधशाळा’ म्हणतात. शर्यतीच्या दिवशी वारा असेल का, असं मी त्यांना विचारलं. त्यांनी गॅलरीत येऊन आकाशाकडे बघितलं, चष्मा पुसला, पुन्हा बघितलं आणि म्हणाले की वाऱ्याची शक्यता नाकारता येत नाही. मग वारा नसेल असंही होईल का? तर तीही शक्यता नाकारता येत नव्हती. इतकी वर्षं सरकारी नोकरी बिनठपका कशी केली असेल, ते मला त्या दिवशी कळलं.

मग निघाला आरोग्याचा दाखला. आयोजकांचं ऑफिस एका व्यायामशाळेच्या मागच्या खोलीत होतं. तिथल्या बाईंना दाखल्यावर ‘तंदुरुस्त’ हा शब्द हवा होता. आमचे डॉक्टर म्हणाले की असा शब्द मी लिहीत नाही, मी ‘सध्या तक्रार नाही’ एवढंच लिहितो. बाई म्हणाल्या, सध्या म्हणजे कधीपर्यंत? डॉक्टर म्हणाले, दाखला लिहून होईपर्यंत. मी दोघांच्या मधे हेलपाटे घालत राहिलो. खरं सांगायचं तर माझी तक्रार करायची छाती नव्हती, कारण असे ‘सध्या’वाले दाखले मी स्वतः आयुष्यभर परत पाठवत आलो आहे. शेवटी डॉक्टरांनी ‘तक्रार करण्याइतके तंदुरुस्त’ असं काहीतरी लिहून दिलं आणि बाईंनी त्यातला आपला शब्द बघून शिक्का मारला.

आमच्या साहेबांनाही घाम फुटला होता. आपल्याच माणसाचा दावा आपल्याच टेबलावर आला तर बाहेर काय दिसेल, असं त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून विचारलं. मी म्हणालो, मी काही होऊ देणार नाही. ते म्हणाले, सगळे दावेदार असंच म्हणतात. बाहेर आलो तर शेजारच्या टेबलावरचा सहकारी माझ्याकडे फारच आपुलकीने बघत होता. माझ्या खिडकीजवळच्या खुर्चीवर त्याचा बऱ्याच वर्षांपासून डोळा आहे.

सराव मी केला, नाही असं नाही. पोहायला मला येतं, पण मान पाण्याबाहेर ठेवून. पाण्यात डोकं घातलं की आपल्या मागे काय चाललंय ते कळत नाही, आणि ते मला सहन होत नाही. पोहण्याच्या तलावावरचे सर म्हणाले, काका, असं पोहलात तर तुम्ही बुडणार नाही, पण पोहोचणारही नाही. मी रोज घरी यायचो तो हातपाय गळून. बायको काही विचारायची नाही. फक्त दार मी बेल वाजवायच्या आत उघडलेलं असायचं.

शर्यतीच्या दिवशी पहाटेपासून वारा सुटला होता. नुसता सुटला नव्हता, पिसाळला होता. खिडक्या खडखडत होत्या, कोणाच्या तरी गॅलरीतली बादली खाली अंगणात लोळत होती. जिन्यात ‘वेधशाळा’ भेटले. मी म्हटलं होतं ना, एवढंच ते म्हणाले. अशा वाऱ्यात नका जाऊ, हे तीन शब्द बायकोने म्हटले असते तर मी त्याच पावली पायजमा चढवून झोपलो असतो. अर्थात हे चार शब्द होतात, पण शब्द मोजण्याची माझी मनःस्थिती नव्हती. ती पाण्याची बाटली घेऊन गप्प माझ्याबरोबर निघाली.

तळ्याला लाटा आल्या होत्या. आम्हाला एका नारिंगी फुग्याला वळसा घालून परत यायचं होतं. शिट्टी झाली आणि सगळे माझ्या अंगावरून पाण्यात गेले. मी मान वर काढून, लाटा तोंडावर घेत, एकटाच त्या फुग्याच्या दिशेने निघालो. छातीत धडधड चालली होती. ती पित्ताची की भीतीची, हे ठरवायला बुद्धी जागेवर नव्हती. जितका मी पुढे जाई तितका फुगा लांब जाई. मला वाटलं, झालं, आपण उलटे पोहायला लागलो. बऱ्याच वेळाने एक होडी शेजारी आली आणि होडीवाल्याने मला शांतपणे सांगितलं की फुग्याचा दोर तुटलाय, तो पलीकडच्या काठाला चाललाय, तुम्ही त्याच्या नादी लागू नका. मी वळलो. काठावर सगळे होते, पण मला एकच आकृती दिसत होती, आणि ती पाण्याच्या अगदी कडेला, चपला भिजवत उभी होती.

वर आलो तर सायकली वाऱ्याने ओळीने आडव्या झालेल्या आणि माझा शर्ट गायब. तो पाठीवरच्या क्रमांकासकट उडून गेला होता. आयोजकांतल्या एका बाईंना माझी दया आली आणि त्यांनी आपला रेनकोट मला दिला. तो मला दोन माणसांपुरता होता. मी तो घालून सायकलवर बसलो, त्यात मागून वारा भरला आणि मी निघालो तो भन्नाट. एवढ्या वेगाने मी आयुष्यात कधी गेलो नव्हतो. मी एकाला मागे टाकलं, मग दुसऱ्याला. माझी छाती भरून आली आणि मला वाटलं, इतकी वर्षं आपण उगाच खुर्चीत बसून घालवली. मग रस्ता वळला. त्यानंतर मी पायडल मारत होतो आणि कडेचं एक झुडूप बराच काळ माझ्या शेजारीच होतं.

बांधावरच्या त्या उघड्या रस्त्यावर माझ्यापुढे पिवळी टोपी घातलेला एक गृहस्थ होता. अचानक आडवी झुळूक आली, झुळूक कसली, फटकाच तो, आणि पिवळी टोपी सायकलसकट कडेच्या गवतात गेली. माणुसकी म्हणून मी थांबलो, हे खरं. पण त्याला खरचटलंसुद्धा नाही असं दिसल्यावर मी निघायला हवं होतं, आणि तिथे माझ्या नोकरीने घात केला. तुम्ही आधी ब्रेक लावला की आधी तोल गेला, असं मी त्याला विचारलं. वारा डावीकडून होता की मागून? त्या वेळी तुमचं लक्ष रस्त्यावर होतं का? तो बिचारा भिडस्त होता, त्याने उत्तरं दिली. पण ती एकमेकांशी जुळेनात. डावीकडून वारा लागलेला माणूस डावीकडच्याच गवतात पडेल कसा? मी त्याला म्हटलं, जरा तसेच परत पडून दाखवता का? तेव्हा मात्र त्याने माझ्याकडे नीट बघितलं, सायकल उचलली आणि तो आधीपेक्षा दुप्पट वेगाने निघून गेला.

माझं मन मात्र तिथून हलेना. असा दावा माझ्या टेबलावर आला असता तर मी तो सोडला असता का? शेवटी म्हटलं, स्वतःच करून बघावं. मी माझी सायकल त्याच्या सायकलीसारखी आडवी टाकली आणि गवतात, एक हात खाली, एक हात डोक्यावर, मान रस्त्याकडे, असा हुबेहूब पडलो. खरं तर वाऱ्यातून सुटून आडवं व्हायला फार बरं वाटलं. डोळे मिटून मी वाऱ्याच्या दिशेचा विचार करू लागलो.

गाडी थांबल्याचा आवाज आला. सगळ्यांच्या मागून फिरणारी ती आयोजकांची गाडी होती, आणि बाकीचे परत आले तरी माझा पत्ता नाही म्हणून बायको तीत बसून आली होती. तिने बघितलं ते हे: रस्त्याकडेला पडलेली सायकल, वाऱ्याने फिरणारं तिचं चाक, आणि मोठ्या रेनकोटात निश्चल पडलेला मी.

तिची हाक मी कधी विसरणार नाही. मी डोळे उघडले तर ती माझ्यावर वाकलेली, चेहरा पांढराफटक. घाईघाईने मी म्हणालो, “अगं, काही नाही, तो माणूस डावीकडे कसा पडला ते बघत होतो.”

 मग ती उठून उभी राहिली.

“बघत होतात?” ती म्हणाली. “मी तिकडे काठावर जीव मुठीत धरून उभी, आणि तुम्ही इथे पडून बघत होतात? काही लाज? त्या दिवसापासून एक रात्र मी धड झोपलेली नाही. अंधारात पडून तुमचा श्वास ऐकत असते. जरा थांबला की माझा थांबतो. दिवसभर तोंड शिवून बसते, टॉवेल उचलते, माझ्या भावाला नावं ठेवलेली ऐकून घेते, आणि तुम्हाला सुचतं काय, तर पोहायचं. या वयात, या वाऱ्यात, दाढ काढून. तुम्हाला काही झालं तर मी काय करू, हा विचार एकदा तरी आला का तुमच्या मनात?”

यापुढेही ती बरंच बोलली. वाऱ्याने तिचे शब्द अर्धे पळवले, पण मी एकही सोडला नाही. गाडीचा ड्रायव्हर संकोचून तळ्याकडे बघत राहिला. मला स्वतःची इतकी लाज वाटली, की तसंच पडून राहावं असं वाटलं. ती रात्र रात्र जागी होती, आणि मी शेजारीच घोरत पडून, कोणी आपल्याशी भांडत नाही म्हणून रुसलो होतो. आणि त्याच वेळी, कबूल करायला हरकत नाही, मला इतकं बरं वाटत होतं की रडू येईलसं झालं.

“मग एकदा तरी बोलायचंस ना,” मी म्हणालो. “मला वाटलं, मी मरायला टेकलोय आणि मलाच कोणी सांगत नाहीये.”

“मला वाटत होतं डॉक्टरांनी तुम्हाला सगळं सांगितलंय आणि तुम्हीच माझ्यापासून लपवताय,” ती म्हणाली.

ड्रायव्हर खाकरला. गाडीत बसलं की शर्यत संपली, असा नियम आहे, बसता का, असं त्याने विचारलं. मी बसायला निघालो होतो. “बसणार नाहीत ते,” बायको म्हणाली. “सगळ्या इमारतीला सांगून बसलेत. आता पूर्ण करू देत.” मी हूं की चूं न करता सायकलवर चढलो.

धावण्याचा भाग आम्ही बरोबर केला. धावलो असं म्हणता येणार नाही. ती भिजलेल्या चपलांत, मी रेनकोटात, आणि तोंडं दोघांची चालू. तिच्या भावाचा विषय निघाला, मग माझ्या बहिणीचा, मग कोणे एके काळी हरवलेल्या एका छत्रीचा. जुने जुने मुद्दे आम्ही हौसेने काढत होतो. शेवटच्या रेषेवरची हवा भरलेली मोठी कमान वाऱ्याने केव्हाच बसली होती आणि माणसं ती गुंडाळत होती. आम्ही तिच्यावरून कधी पलीकडे गेलो ते आम्हाला कळलं नाही. गळ्यात पदक घालायला आलेली मुलगी आमच्याबरोबर तशीच थोडी चालत आली, बोलण्यात खंड पडेना म्हणून तिने ते बायकोच्या हातात दिलं आणि ती परत गेली.

घरी आल्यावर बायको, जरा टेकते, म्हणून बाहेरच्या सोफ्यावर बसली आणि बसल्या जागी कलंडली. एवढी गाढ झोप मी तिला लागलेली कितीतरी दिवसांत बघितली नव्हती. मी कसा आहे, धाप लागलीय का, कशाचीही तिला फिकीर नव्हती. खिडकी खडखडली तरी ती हलली नाही. मी खिडकीत कागदाची घडी कोंबली आणि दार उघडून उंबऱ्यात बसलो, म्हणजे कोणी बेल वाजवू नये.

संध्याकाळी जिन्यात पावलं वाजली. दंतवैद्य, ‘वेधशाळा’, आणखी दोन मजले, असे सगळे निकाल ऐकायला आले होते. काय मग, कितवे आलात, असं दंतवैद्यांनी लांबूनच विचारलं.

मी ओठांवर बोट ठेवलं.

“शेवटचा आलो,” मी म्हणालो. “पण हळू बोला, ती झोपलीये.”